कुत्र्यांमधील स्वरयंत्र पक्षाघात

कुत्र्यांमधील स्वरयंत्र पक्षाघात हा मुख्यतः मध्यम व मोठ्या आकाराच्या, उतारवयातील कुत्र्यांना होणारा श्वसनमार्गाचा विकार आहे. या विकारात श्वास आत घेताना स्वरयंत्राचे दार पुरेसे उघडत नाही. परिणामी श्वासाला घरघर लागते, भुंकण्याचा आवाज बदलतो, खातापिताना ठसका लागतो आणि थोड्या श्रमाने धाप लागते. विकार हळूहळू वाढतो; मात्र उष्ण व दमट हवेत किंवा अतिश्रमानंतर अचानक गुदमरून मृत्यूही ओढवू शकतो. लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर जातीत तो सर्वाधिक आढळतो. गोल्डन रिट्रीव्हर, सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड आणि आयरिश सेटर या जातींतही त्याच्या नोंदी आहेत.

शरीररचना व कार्य

स्वरयंत्र श्वासनलिकेच्या मुखाशी असते. त्याची तीन कामे आहेत: श्वास घेताना हवेला वाट मोकळी करणे, गिळताना ती वाट बंद करून अन्नपाणी फुप्फुसांत जाऊ न देणे आणि आवाज निर्माण करणे. स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना ॲरिटेनॉइड नावाची एकेक कूर्चा असते. श्वास घेताना एक विशिष्ट स्नायू या कूर्चांना बाहेरच्या बाजूस खेचतो व मार्ग रुंद होतो. या स्नायूला आज्ञा देणारी तंत्रिका (मज्जातंतू) ही व्हेगस तंत्रिकेची शाखा आहे. ती थेट स्वरयंत्राकडे न जाता आधी छातीकडे उतरते. डावी शाखा महाधमनीला आणि उजवी शाखा उजव्या बाजूच्या मोठ्या धमनीला वळसा घालून पुन्हा मानेत वर येते. त्यामुळे तिची लांबी बरीच असते. मोठ्या आकाराच्या कुत्र्यात ती आणखी लांब असते. तंत्रिकांच्या अनेक विकारांत लांब तंत्रिका आधी निकामी होतात.

घोड्यांमध्येही असा विकार आढळतो. तेथे बहुधा केवळ डावी बाजू लुळी पडते. कुत्र्यांत मात्र निदान होईपर्यंत बहुतेक वेळा दोन्ही बाजू बाधित झालेल्या असतात.

कारणे

जन्मजात प्रकार: हा प्रकार तुलनेने विरळ असून त्याची लक्षणे वयाच्या पहिल्या वर्षातच दिसू लागतात. बूव्हिए दे फ्लांद्र, सायबेरियन हस्की, डाल्मेशियन आणि रॉटवायलर या जातींत तो आढळला आहे. आनुवंशिकतेची शक्यता असल्याने अशा कुत्र्यांपासून प्रजनन करू नये, असा सल्ला दिला जातो.

संपादित प्रकार: बहुसंख्य रुग्ण या प्रकारात मोडतात आणि त्यांचे वय साधारणतः ९ वर्षांपेक्षा अधिक असते. पूर्वी याला 'अज्ञातहेतुक' म्हटले जाई. आता तो सर्व शरीरातील तंत्रिकांच्या संथ ऱ्हासाचा भाग मानला जातो. अन्ननलिकेची हालचाल मंदावणे, मागच्या पायांत अशक्तपणा येणे, चालताना नखे जमिनीला घासणे व मांड्यांचे स्नायू झिजणे ही त्याच ऱ्हासाची लक्षणे होत. पायांचा हा अशक्तपणा वेदनारहित असतो, तरीही अनेकदा तो सांधेदुखी समजला जातो.

याशिवाय मानेवरील चावा किंवा इजा, मानेतील शस्त्रक्रिया, मानेत वा छातीत वाढणारी गाठ आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायुदौर्बल्याचा विकार यांमुळेही तंत्रिका वा स्नायू निकामी होऊ शकतात. काही रुग्णांत अवटू ग्रंथीची कार्यक्षमता कमी झालेली आढळते. परंतु ती औषधाने सुधारली तरी स्वरयंत्राची हालचाल सहसा पूर्ववत होत नाही.

लक्षणे

पहिले लक्षण बहुधा भुंकण्यातील बदल हे असते. आवाज घोगरा किंवा क्षीण होतो. पाठोपाठ पाणी पिताना ठसका लागणे, घसा खाकरल्यासारखा आवाज करणे आणि फिरताना लवकर थकणे ही लक्षणे दिसतात. श्वास आत घेताना खरखरीत, करवतीसारखा आवाज येणे हे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे. ही सर्व लक्षणे वयोमानाची म्हणून दुर्लक्षिली जातात.

कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. मार्ग अरुंद असताना जोराने श्वास घेतल्यास कूर्चा आत ओढल्या जातात, भोवतीच्या ऊती सुजतात आणि मार्ग अधिकच अरुंद होतो. उष्णता बाहेर न पडल्याने शरीराचे तापमान वाढते व धाप आणखी वाढते. या दुष्टचक्रातून जीभ व हिरड्या निळसर पडणे, कोसळणे आणि उष्माघात हे प्रसंग उद्भवतात. विदर्भातील उन्हाळा किंवा कोकणातील दमट हवा अशा कुत्र्यांना विशेष धोकादायक ठरू शकते.

निदान

हलकी भूल देऊन स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहणे ही निदानाची मुख्य पद्धत होय. भूल गाढ असल्यास निरोगी स्वरयंत्रही हलत नाही. म्हणून श्वसनाला चालना देणारे डॉक्साप्रॅम हे औषध देऊन, श्वास आत घेतला जात असतानाच कूर्चा बाहेर सरकतात का हे तपासतात. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून फुप्फुसदाह, अन्ननलिकेचा फुगवटा आणि गाठी यांचा शोध घेतला जातो.

सारखी लक्षणे असणारे इतर विकार

घसा व श्वासाच्या तक्रारी इतर अनेक कारणांनीही उद्भवतात.

- रेबीज (पिसाळणे): यातही घशाच्या स्नायूंचा पक्षाघात होऊन आवाज बदलतो, गिळता येत नाही, लाळ गळते व जबडा लोंबतो. घशात हाड अडकल्याचा समज होऊन तोंडात हात घातला जाण्याचा धोका येथे असतो. स्वरयंत्र पक्षाघात महिनोन्महिने वाढत जातो, तर रेबीजची लक्षणे काही दिवसांतच तीव्र होऊन प्राणी दगावतो. भारतात, विशेषतः लसीकरण न झालेल्या कुत्र्यात अशी लक्षणे अचानक दिसल्यास तोंडाला हात लावू नये. लाळेचा संपर्क जखमेशी आल्यास ती साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि तत्काळ वैद्यकीय उपचार घ्यावेत.
- जठराचा पीळ: ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगते आणि वारंवार उमाळे येऊनही उलटी होत नाही. ही घशाची तक्रार वाटली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची स्थिती असते.
- केनेल कफ: संसर्गजन्य, कोरडा व ठसक्याचा खोकला. अनेक कुत्री एकत्र राहतात तेथे तो झपाट्याने पसरतो.
- हृदयविकार: डॉबरमन व ग्रेट डेन या जातींत हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन फुप्फुसांत पाणी साठते.
- इतर: घशात अडकलेली वस्तू, स्वरयंत्रातील वा अवटू ग्रंथीची गाठ, तसेच बॉक्सर व बुलडॉगसारख्या आखूड नाकाच्या जातींतील जन्मजात अरुंद श्वसनमार्ग.

उपचार

गुदमरण्याच्या प्रसंगी कुत्र्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतणे, पंख्याची हवा देणे व शांत ठेवणे आवश्यक असते. तोंडात बळजबरीने पाणी घालू नये. रुग्णालयात प्राणवायू, शामक औषध आणि सूज कमी करणारे स्टेरॉइड दिले जाते. गरज भासल्यास श्वासनलिकेत नळी घालतात.

सौम्य विकारात वजन कमी करणे, उन्हात फिरवणे टाळणे आणि गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरणे एवढ्याने काही काळ आराम पडतो. तीव्र विकारात शस्त्रक्रिया करतात. तीत एका बाजूची कूर्चा टाक्यांनी कायमची बाहेरच्या बाजूस बांधली जाते. दोन्ही बाजू बांधल्यास गुंतागुंत वाढते. शस्त्रक्रियेनंतर श्वास बहुतेक वेळा लक्षणीयरीत्या सुधारतो, परंतु भुंकण्याचा मूळ आवाज परत येत नाही.

गुंतागुंत व पुढील काळजी

बांधलेली बाजू गिळतानाही पूर्ण मिटत नसल्याने अन्नपाणी फुप्फुसांत शिरून होणारा फुप्फुसदाह ही प्रमुख गुंतागुंत आहे. हा धोका आयुष्यभर राहतो. अन्ननलिकेचे कार्य बिघडलेले असल्यास तो अधिक असतो. त्यामुळे अन्न लहान गोळ्यांच्या स्वरूपात, थोडे थोडे देणे आणि पोहणे टाळणे असा सल्ला दिला जातो. ताप, खोकला किंवा मरगळ दिसल्यास तत्काळ तपासणी आवश्यक ठरते.

शस्त्रक्रियेने श्वासाची अडचण दूर झाली तरी तंत्रिकांचा मूळ ऱ्हास थांबत नाही. मागच्या पायांचा अशक्तपणा पुढे वाढत जातो. तरीही तो संथ असल्याने योग्य काळजी घेतल्यास अनेक कुत्री पुढील काही वर्षे समाधानकारक आयुष्य जगतात.