कुंपण, सजीव

शेत, परसू, बाग किंवा घराचे आवार यांच्या हद्दीवर झुडपे, काटेरी वेली अथवा निवडुंग ओळीने दाट लावून आणि वेळोवेळी छाटून वाढवलेला हिरवा आडोसा. कोकणातील वई बहुधा चिलारीच्या किंवा करवंदीच्या तोडलेल्या काट्यांची असते. ती पावसात कुजते, वाळवी खाते आणि दर वर्षी नव्याने घालावी लागते. सजीव कुंपण त्याच काट्यांचे, पण मुळांवर उभे असते. पहिली दोन-तीन वर्षे ते माणसाकडून बरेच काम करून घेते. पुढे कित्येक दशके राखण करते.

भारतातील सर्वांत मोठे सजीव कुंपण कोणत्याही बागेत नव्हते. मिठावरील कर चुकवून होणारी वाहतूक अडवण्यासाठी इंग्रजी राजवटीने सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची सीमा आखली होती. ती बुऱ्हाणपूरवरून जात असे. या सीमेवर आधी वाळक्या काट्यांचे कुंपण होते. वाळवी, वणवे आणि वादळे यांनी ते सतत मोडे. 1867 ते 1870 या काळात जकात आयुक्त असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याऐवजी जिवंत झाडे लावण्याचा धडाका लावला. जमीन जशी असेल तशी बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांतून निवड केली गेली, चर खणून माती भरली गेली आणि झाडांना पाणी घातले गेले. हेच ह्यूम पुढे 1885 मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनामागील प्रमुख व्यक्तींपैकी एक होते. 1 एप्रिल 1879 रोजी ही सीमा रद्द झाली आणि कुंपण शेतांत व रस्त्यांत विरून गेले. गरिबाच्या मिठावर पहारा ठेवणारी ती व्यवस्था अन्यायाचीच होती. पण मातीप्रमाणे झाड निवडण्याचा तिचा धडा बागाईतदाराने जरूर घ्यावा.

निवड : कुंपण कशासाठी हवे हे आधी ठरवावे. गुरे अडवणे, रस्त्याची धूळ व नजर अडवणे आणि शोभा ही तीन कामे एकच झाड क्वचितच करते. मोकाट गुरे आणि शेळ्या यांच्यासाठी काटा हवा, नाहीतर जनावर तोंड लावत नाही असा पाला हवा. अडुळसा आणि निर्गुडी दुसऱ्या गटातल्या; दोन्ही औषधी, दोन्ही फांद्यांपासून सहज लागतात. मात्र त्यांतून शिरून जाणे जनावराला अवघड नसते, म्हणून त्यांची ओळ दाट ठेवावी लागते.

काटेरी झाडांमध्ये महाराष्ट्रासाठी करवंदीला तोड नाही. ती सदाहरित, जांभ्या कातळावर व मुरमाड माळावर तगणारी आणि जोडीने वाढणाऱ्या टणक काट्यांची आहे. शिवाय मे महिन्यात फळ देते. तिची वाढ सुरुवातीला मंद असते, आणि याच कारणाने लोक तिला टाळतात. हे टाळणे चुकीचे आहे. त्या मंद काळात बाहेरच्या बाजूने साधे तारेचे कुंपण घालून वेळ निभावता येते. मोठ्या शेताच्या हद्दीला चिलार अधिक उपयोगी. तिच्या वेलीला आकड्यांसारखे काटे असतात आणि त्या एकमेकींत गुंतून भिंत तयार होते. घराजवळ मात्र ती नको, कारण ती आवरत नाही. सागरगोटाही याच कुळातला. घायपात आणि त्रिधारी निवडुंग कोरड्या, पाणी नसलेल्या माळासाठी ठीक. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तो दूर ठेवावा. मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत आणि मुले त्या खाण्याच्या घटना वारंवार घडतात. पिवळी कण्हेर तर त्याहून घातक. शाळेच्या आवाराला या दोहोंपैकी काहीही लावू नये.

एके काळी फड्या निवडुंगाची कुंपणे सर्वत्र होती. किरमिजी रंगासाठी 1795 मध्ये भारतात आणलेला किडा रंगाच्या दृष्टीने निकृष्ट जातीचा निघाला, पण निवडुंगाची एक जात त्याने खाऊन संपवली. दुसरी एक जात दक्षिण भारतात रानोमाळ माजली, तेव्हा 1926 मध्ये श्रीलंकेतून त्याच कुळातला दुसरा किडा मुद्दाम आणून तिला आवर घालण्यात आला. घाणेरीची कथा उलटी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेले हे झुडूप पुढे कुंपणाला लावले गेले आणि पक्ष्यांनी बिया पसरवल्याने जंगलभर झाले. आज ती कुंपणासाठी लावणे समर्थनीय नाही. वेड्या बाभळीलाही हेच लागू.

शहरी बंगल्यांच्या आवारात कोयनेल, मेंदी, डुरांटा, अकॅलिफा, जास्वंद आणि कामिनी दिसतात. कोयनेल सर्वांत कष्टाळू : ती खाऱ्या वाऱ्यात टिकते, कात्री मुकाट सोसते आणि फांदीपासून लागते. मेंदी कोरड्या देशावर चांगली होते. सोनेरी पानांचा डुरांटा रोपवाटिकांत स्वस्त मिळतो म्हणून जिकडेतिकडे लागला आहे. त्याची नारिंगी फळे विषारी असतात, हे विकणारा सहसा सांगत नाही. कामिनीचा वास मोहक, पण संत्री-मोसंबीला ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड तिच्यावर आवडीने पोसली जाते. नागपूर, अमरावती, जालना या पट्ट्यात बागेशेजारी कामिनीचे कुंपण लावणे म्हणजे रोगाला आसरा देणे होय.

लागवड : आधी मोजणी करून हद्द पक्की करावी, वाढलेले कुंपण नंतर सरकवता येत नाही. पूर्ण वाढीनंतर त्याची रुंदी दोन-तीन फूट होते, म्हणून ओळ हद्दीपासून त्याच्या निम्म्या अंतराने आत घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत दीड-दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणून उन्हात तापू द्यावा. नंतर वरची माती, कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड मिसळून तो भरावा. काळ्या जमिनीत पाणी साचते, तेथे ओळ थोडी उंचवट्यावर घ्यावी. कातळावर चर रुंद ठेवून बाहेरून माती आणावी लागते. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर रोपे लावावीत. मेंदी, कोयनेल व डुरांटा एकमेकांपासून सुमारे एक फुटावर, करवंद दोन ते अडीच फुटांवर. दोन ओळी घेतल्यास दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतील फटीसमोर यावे. करवंदीचे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून पिकल्या फळातून काढल्याबरोबर पेरावे आणि वर्षाची रोपे पुढच्या पावसाळ्यात लावावीत. गिरिपुष्पाचे मात्र हातभर जाडजूड दांडे पावसाच्या तोंडावर नुसते रोवले तरी फुटतात, आणि त्याचा पाला शेताला हिरवळीचे खत म्हणून मिळतो.

छाटणी : बहुतेक कुंपणे बिघडतात ती पहिल्या वर्षी. रोप उंच गेलेले पाहून मालकाला आनंद होतो आणि तो कात्री लावत नाही. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे वाढद्रव्य खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही; शेंडा खुडला की ते डोळे जागे होतात. म्हणून रोप फूटभर झाले की निम्म्यावर कापावे, नवे फुटवे वीतभर झाले की पुन्हा कापावेत, आणि तळ भरल्याशिवाय उंची वाढू देऊ नये. बुडाशी पडलेली फट पुढे वरून कितीही छाटले तरी भरत नाही. आकार तळाशी रुंद व वर निमुळता ठेवावा. वरचा भाग बाहेर आला तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बूड उघडे पडते.

मोठी छाटणी जूनमध्ये आणि हलकी पावसाळा सरताना करावी. एप्रिल-मेच्या उन्हात आतली कोवळी पाने उघडी पाडू नयेत. करवंदीची फळे हवी असतील तर फळे उतरल्यावरच कात्री चालवावी. सतत सरळ रेषेत कापलेली करवंद फळत नाही. शिंपी, बुलबुल, मुनिया हे पक्षी पावसाळ्याच्या आगेमागे कुंपणात घरटी करतात. छाटणीआधी फांद्या बाजूला सारून पाहावे आणि घरटे असेल तेवढा भाग पिल्ले उडेपर्यंत सोडावा.

देखभाल : पहिले दोन उन्हाळे पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन आवश्यक असते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. सुरुवातीलाच फांदी कापून नष्ट करावी आणि निंबोळी तेल फवारावे. कोयनेल व डुरांट्यावर अमरवेलीचे पिवळे धागे दिसले तर ते नुसते ओढून काढणे पुरत नाही. तुकडा राहिला की ती पुन्हा वाढते, म्हणून ज्या फांदीवर ती चिकटली तीच कापून जाळावी. कुंपणाची मुळे पिकाच्या वाट्याचे पाणी व खत ओढतात. त्यासाठी पिकाच्या बाजूने दर वर्षी अरुंद चर मारून ती तोडावीत. रानडुक्कर खालून माती उकरून घुसते, तेव्हा काटेरी ओळीच्या आत घायपाताची दुसरी ओळ लावल्यास उपयोग होतो. माकडांना कोणतेही सजीव कुंपण अडवत नाही.

बूड उघडे पडलेले जुने कुंपण उपटण्याची घाई करू नये. मेंदी, कोयनेल, डुरांटा आणि करवंद पावसाच्या सुरुवातीला जमिनीपासून फूटभरावर कापून खत दिल्यास तळापासून पुन्हा फुटतात. मोरपंखीच्या पाने झडलेल्या जुन्या लाकडाला सहसा फुटवा येत नाही, म्हणून तिचे कुंपण एकदा आतून वाळले की नवी रोपे लावावी लागतात.