आधीच रंगलेलं अंडं

ईस्टर तोंडावर आला की अमेरिकेत परसदारी कोंबड्या पाळणाऱ्यांना हमखास एक प्रश्न पडतो. आमच्या कोंबड्या तपकिरी, निळी, हिरवट अंडी घालतात. मग रंगवायला पांढरी अंडी दुकानातून आणायची की काय? अंडी रंगवण्याची चाल मात्र कितीतरी शतकांची आहे आणि पांढऱ्या टरफलावाचून तिचं अडत नव्हतं.

या चालीचं मूळ चर्चइतकंच खुराड्यात आहे. युरोपात दिवस मोठा होऊ लागला की कोंबड्या पुन्हा अंड्यावर येतात, आणि नेमका तेव्हाच ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास असतो. मध्ययुगात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबडीला उपवास कुठला ठाऊक! अंडी साठत जायची आणि सणाला वाटली जायची. 1290 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या खर्चाच्या हिशेबात 450 अंड्यांपोटी 18 पेन्स मांडलेले आहेत. ती सोन्याच्या वर्खाने सजवून वाटायची होती. गोरगरिबांच्या घरी वर्ख नव्हता, कांदा होता.

कांद्याच्या कोरड्या साली पाण्यात उकळल्या की गडद तांबूस काढा उतरतो. त्यात पांढरं अंडं नारिंगी होतं, तपकिरी अंडं जुन्या सागवानासारखं लालसर काळपट. उत्तर इंग्लंडमध्ये अंड्याला पानं-फुलं चिकटवून, वर साली गुंडाळून, फडक्यात घट्ट बांधून उकडत. पानाचा ठसा फिकट उमटे. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी अंडी लाल करतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, आणि ईस्टरला एकमेकांच्या अंड्यांच्या टकरा लावतात. तिथल्या जुन्या लाल रंगाला आपल्या मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीचं मूळ लागे. असे दाट रंग खालच्या टरफलाची छटा पोटात घेतात.

पांढऱ्याचा हट्ट आला तो रसायनांबरोबर. 1856 मध्ये लंडनच्या विल्यम पर्किनने डांबरातून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचा बाजार उघडला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या विल्यम टाउनली नावाच्या औषधविक्रेत्याने अंडी रंगवण्याच्या वड्या पुडीत घालून विकायला काढल्या. फिकट गुलाबी, आकाशी खुलायला पार्श्वभूमी पांढरीच हवी. ती पुरवली इटलीच्या लिव्होर्नो बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेगहॉर्न कोंबडीने. खाते कमी, अंडी देते भरपूर; व्यापारी पोल्ट्रीला आणखी काय हवं? आपल्याकडेही पोल्ट्रीचं अंडं पांढरं आणि गावरान तपकिरी, हा फरक बराचसा तिच्याच रक्तामुळे.

निळ्या अंड्याची गोष्ट निराळी. 1914 मध्ये साल्वाडोर कास्तेयो या स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञाने चिलीत निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्या पाहिल्या आणि पुढे त्यांची माहिती जगासमोर मांडली. 2013 मध्ये उलगडा झाला, की एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात शिरून बसला, त्यातून हा रंग आला. आणि चिलीत व चीनमध्ये तो वेगवेगळा शिरला. म्हणजे ईस्टरचं सर्वांत देखणं निळं अंडं एका जुन्या संसर्गाची देणगी! मला तरी ते पुन्हा रंगवणं जिवावर येतं.

रंगवायचंच, तर दोन्ही टरफलांचे स्वभाव ओळखावेत. तपकिरी रंग शेवटी वरून चढतो; अशा अंड्याचं टरफल आतून पांढरंच असतं. निळा मात्र टरफलात आरपार मुरतो. हिरवं अंडं म्हणजे निळ्यावर तपकिरी हात. रंग धरावा म्हणून काढ्यात व्हिनेगर घालतात, पण त्यात चोळलं तर वरचा तपकिरी निघून येतो. तेव्हा तपकिरी अंडं हलक्या हाताने बुडवून कांद्याच्या सालीत टाकावं. लाल कोबीच्या पाण्यात पांढरं निळं होतं, तपकिरी हिरवटाकडे झुकतं. निळ्या अंड्याला हळदीचं पाणी दिलं तर झकास पोपटी उतरतो.