आक्रमक देशाची बाजारपेठ सोडणे कंपन्यांना इतके अवघड का जाते? रशियात काय घडले?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी हल्ला चढवला. पुढच्या काही आठवड्यांत शेकडो परदेशी कंपन्यांनी रशियातील कामकाज थांबवत असल्याचे किंवा तेथून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. घोषणा एका दिवसात झाल्या. प्रत्यक्षात बाहेर पडायला मात्र काहींना तीन महिने लागले, काहींना अडीच वर्षे लागली आणि काहींचा पाय अजूनही तिथून निघालेला नाही. हा फरक का पडला?

निर्बंध असताना कंपन्यांनी ठरवायचे काय?

अमेरिका, युरोपीय महासंघ आणि ब्रिटन यांनी रशियावर लादलेले निर्बंध प्रामुख्याने बँका, तंत्रज्ञान, ठरावीक उद्योगपती आणि पुढे तेल यांच्यापुरते होते. बर्गर, साबण, बिअर, दही, औषधे विकण्यावर बंदी नव्हती. म्हणजे अशा कंपन्यांना कायद्याने बाहेर काढले नव्हते. जायचे की राहायचे हे त्यांच्या संचालक मंडळांनाच ठरवायचे होते.

व्यवहारातील अडचणीही होत्याच. व्हिसा आणि मास्टरकार्डने मार्च २०२२ मध्ये रशियातील सेवा थांबवली. बड्या जहाज कंपन्यांनी मालवाहतुकीची नोंदणी बंद केली. मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग येईनासे झाले. त्यामुळे काहींच्या निर्णयात नैतिकता किती आणि नाइलाज किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

कंपन्यांपुढे कोणते पर्याय होते?

ढोबळमानाने चार. पूर्वीसारखाच धंदा चालू ठेवणे, नवी गुंतवणूक व जाहिराती थांबवून फक्त ‘जीवनावश्यक’ वस्तू विकणे, कामकाज तात्पुरते बंद ठेवणे, किंवा सर्व मालमत्ता विकून कायमचे निघणे. पेप्सिकोने दुसरा मार्ग धरला. पेप्सी, सेव्हन-अप, मिरिंडा यांची विक्री थांबवण्याची घोषणा केली, पण दूध आणि बाळांचा आहार चालू ठेवला. तेथील २० हजार कर्मचारी आणि पुरवठा साखळीतील ४० हजार शेतमजुरांचा हवाला कंपनीने दिला.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री सोनेनफेल्ड यांच्या गटाने अशा कंपन्यांची यादी करून त्यांना शाळेतल्यासारख्या श्रेणी दिल्या. एक हजारांहून अधिक कंपन्यांनी कायद्याच्या सक्तीपेक्षा पुढे जाऊन कामकाज आवरते घेतल्याचे त्यात दिसते. मात्र ‘आवरते घेणे’ म्हणजे ‘निघून जाणे’ नव्हे. पूर्णपणे बाहेर पडलेल्या कंपन्यांपेक्षा या ना त्या रूपात राहिलेल्यांची संख्या बरीच जास्त आहे.

लवकर निघालेल्यांनी किती किंमत मोजली?

ब्रिटनच्या बीपीकडे रशियाच्या रॉसनेफ्ट या सरकारी तेल कंपनीचा १९.७५ टक्के हिस्सा होता. हल्ल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारीला, बीपीने तो सोडत असल्याचे जाहीर केले आणि त्यापोटी सुमारे २,४०० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. तरीही हिस्सा विकता आला नाही, कारण घेणारा आणि परवानगी देणारा दोन्ही रशियाच्या हातात होते.

फ्रान्सच्या रेनोकडे लाडा मोटारी बनवणाऱ्या अॅव्हटोव्हाझची मालकी होती. मे २०२२ मध्ये रेनोने ती रशियातील एका सरकारी संस्थेला अवघ्या एका रुबलला दिली. सहा वर्षांत परत विकत घेण्याचा हक्क तेवढा राखून ठेवला. रेनोचा फटका सुमारे २२० कोटी युरोंचा होता.

सर्वाधिक चर्चा झाली ती मॅकडोनाल्ड्सची. ३१ जानेवारी १९९० रोजी मॉस्कोच्या पुश्किन चौकात उघडलेले त्यांचे पहिले दुकान सोव्हिएत संघाच्या खुल्या होण्याचे प्रतीक मानले गेले होते. ८ मार्च २०२२ ला कंपनीने सुमारे ८५० उपाहारगृहे तात्पुरती बंद केली, पण ६२ हजार कर्मचाऱ्यांचे पगार चालू ठेवले. मे महिन्यात धंदा सायबेरियातील एका जुन्या परवानाधारकाला विकण्याचे ठरले. कर्मचाऱ्यांना किमान दोन वर्षे कामावर ठेवण्याची अट होती. १२ जूनला तीच दुकाने नव्या रशियन नावाने उघडली. कंपनीने या प्रकरणात १२० ते १४० कोटी डॉलरचा फटका अपेक्षित धरला होता. रक्कम मोठी असली तरी निघण्याच्या अटी निदान काही प्रमाणात तिला ठरवता आल्या.

रशियाने दार कसे अरुंद केले?

सुरुवातीपासूनच निघून जाणाऱ्या कंपन्यांवर बाहेरचा प्रशासक नेमण्याची भाषा क्रेमलिनने केली होती. पुढे तिला नियमांचे रूप आले. ‘अमित्र’ ठरवलेल्या देशांतील कंपनीला विक्रीसाठी सरकारी आयोगाची परवानगी लागू लागली. २०२२ च्या अखेरीस नियम आला की बाजारमूल्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीलाच विक्री होईल. त्यावर सरकारी तिजोरीत १० टक्के ‘योगदान’ द्यायचे, जे पुढे १५ टक्के झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तीची सवलत ६० टक्के आणि योगदान ३५ टक्के करण्यात आले. मोठ्या व्यवहारांना राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लागते. थोडक्यात, जितका उशीर तितका निघण्याचा कर जास्त.

परवानगीसाठी थांबलेल्यांचे काय होऊ शकते हे कार्ल्सबर्गच्या बाबतीत दिसले. या डॅनिश कंपनीची बाल्टिका ही रशियातील आघाडीची बिअर उत्पादक कंपनी. जून २०२३ मध्ये कार्ल्सबर्गने ती विकण्याचा करार केला. पुढच्याच महिन्यात व्लादिमीर पुतिन यांच्या आदेशाने बाल्टिका सरकारच्या ‘तात्पुरत्या व्यवस्थापना’खाली गेली. त्याच आदेशात फ्रान्सच्या दानोनचा रशियन व्यवसायही होता. त्याच्या प्रमुखपदी चेचेन नेते रमझान कादिरोव्ह यांच्या नातलगाची नेमणूक झाली. नोव्हेंबरमध्ये बाल्टिकाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. अखेर दानोनची विक्री मे २०२४ मध्ये आणि कार्ल्सबर्गची डिसेंबर २०२४ मध्ये झाली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये हायनेकेनने सात कारखान्यांसह आपला व्यवसाय एका युरोला विकून ३० कोटी युरोंचा तोटा सोसला होता.

ऑस्ट्रियाच्या रायफायझन बँकेची गत आणखी वेगळी आहे. रशियातील तिच्या शाखेने २०२२ मध्ये २०० कोटी युरोंहून अधिक नफा कमावला, कारण बाकीच्या पाश्चात्त्य बँका बाजूला झाल्याने परदेशी व्यवहारांसाठी तिच्याकडे रीघ लागली. पण हा नफा देशाबाहेर नेता येईना. सप्टेंबर २०२४ मध्ये एका रशियन न्यायालयाने शाखेचे समभाग हस्तांतरित करण्यावर बंदी आणली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच खटल्यात सुमारे २०० कोटी युरोंची भरपाई देण्याचा आदेश झाला. राहून मिळवलेला नफा असा तिथेच अडकला.

न जाणाऱ्यांचा युक्तिवाद काय?

तीन मुद्दे वारंवार मांडले जातात. एक, दूध, बाळांचा आहार, औषधे यांची टंचाई झाली तर ती सामान्य नागरिकांना भोगावी लागते. दोन, कर्मचारी युद्धाला जबाबदार नाहीत आणि कंपनी निघाली तर सरकारी दडपणाला तेच तोंड देतात. तीन, कवडीमोल भावाने कारखाना विकला तर तो सत्तेच्या जवळच्यांच्या हाती जातो, म्हणजे आक्रमकालाच बक्षीस मिळते. तिसरा मुद्दा दानोनच्या उदाहरणानंतर सहज खोडून काढता येत नाही.

युक्रेनचे उत्तरही तितकेच थेट आहे. राहिलेली कंपनी कर भरते आणि त्या तिजोरीतूनच क्षेपणास्त्रांचा खर्च निघतो. शिवाय रशियन कायद्यानुसार लष्करभरतीच्या कामात मालकाला सरकारला सहकार्य करावे लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांना बोलावण्याचा आदेश निघाला, तेव्हा हा मुद्दा कागदावरचा राहिला नाही. ‘जीवनावश्यक’ या शब्दाच्या आडून बिस्किटे आणि चॉकलेटही विकली जातात, हा आक्षेप वेगळाच.

भारतीय कंपन्यांनी काय केले?

भारताने रशियावर निर्बंध लादले नाहीत, त्यामुळे येथील कंपन्यांवर सरकारी दबाव नव्हता. तरीही १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने एप्रिल २०२२ मध्ये रशियातील काम इतर केंद्रांकडे हलवत असल्याचे सांगितले. तेथे तिचे शंभराहून कमी कर्मचारी होते. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने त्याच महिन्यात रशियाशी व्यापार थांबवण्याची घोषणा केली. तिचा तेथे कारखाना नव्हता, प्रश्न कच्च्या मालाचा होता.

सखालिन-१ या तेल प्रकल्पात मात्र उलटे घडले. अमेरिकेच्या एक्सॉनमोबिलकडे त्याचा ३० टक्के हिस्सा होता आणि ओएनजीसी विदेशकडे २० टक्के. ऑक्टोबर २०२२ मध्ये रशियाने प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे सोपवला. एक्सॉन रिकाम्या हाताने बाहेर पडली. ओएनजीसी विदेशने नव्या कंपनीत आपला वाटा कायम ठेवला. भारतीय तेल कंपन्यांचा लाभांश मात्र रशियन बँकांत अडकून पडला. म्हणजे राहणेही फुकट नव्हते.

बाहेर पडण्याचा परिणाम झाला का?

युद्ध थांबले नाही आणि रशियन अर्थव्यवस्था कोसळलीही नाही. २०२३ मध्ये ती पुन्हा वाढली, त्यात युद्धसामग्रीवरील सरकारी खर्चाचा मोठा वाटा होता. पण जिथे तंत्रज्ञान आणि सुटे भाग बाहेरून येत होते तिथे घाव खोल बसला. २०२२ मध्ये रशियातील प्रवासी मोटारींचे उत्पादन सुमारे दोन तृतीयांशाने घटले. त्या उन्हाळ्यात लाडा ग्रांटा ही गाडी एअरबॅग आणि एबीएसविना बाजारात आली. रेनोच्या मॉस्कोतील कारखान्यात ‘मोस्कविच’ हे सोव्हिएतकालीन नाव पुन्हा अवतरले, पण गाडी चिनी कंपनीची होती. रिकामी झालेली जागा बऱ्याच अंशी चीनने भरली.

यातून काय लक्षात घ्यायचे?

कारखाना, दुकान, तेलविहीर उचलून नेता येत नाही. त्यामुळे निघताना ती कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न ‘जावे की नाही’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. या प्रकरणात पहिल्या काही महिन्यांत निघालेल्यांना तोटा झाला, पण कर्मचाऱ्यांसाठी अटी घालण्याची आणि पुढे परत येण्याचा हक्क राखण्याची संधी काहींना मिळाली. ‘परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’ असे सांगत थांबलेल्यांपैकी अनेकांना नंतर पैसा, मालमत्ता किंवा निर्णयाचा अधिकार यांपैकी काही ना काही गमवावे लागले. काही काळ गेल्यावर जाणे किंवा राहणे त्यांच्या हातात उरले नाही, ते यजमान सरकार ठरवू लागले. म्हणूनच परदेशात गुंतवणूक करताना ‘आत कसे जायचे’ याबरोबर ‘वेळ आली तर बाहेर कसे यायचे’ याचाही विचार आधीच करावा लागतो.