टाकाची निब

अब्बांच्या मागे घरात पत्र्याची एक डबी राहिली. तिच्यात दहा-बारा गंजक्या निबा आहेत. अब्बा १९५५ साली कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हा टेबलावर दौत, टाक आणि टीपकागद असे. लाकडी दांडी वर्षानुवर्षे टिके, निब मात्र सारखी बदलावी लागे. शाईतले आम्लच पोलाद खाई.

या निबांचे माहेर इंग्लंडमधले बर्मिंगहॅम. त्याआधी युरोप हंसाच्या पिसाने लिही, आपण बोरूने; दोन्ही पुन्हा पुन्हा तासावे लागत. १८२०च्या दशकात जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन, मिचेल बंधू यांच्यासारख्या कारागिरांनी हाताने फिरवायच्या दाबयंत्रावर निबा काढायला सुरुवात केली. शेफील्डच्या पोलादी पत्र्यातून तुकडा कापायचा, भोक पाडायचे, कारखानदाराचे नाव उमटवायचे, वाक द्यायचा, तापवून तेलात बुडवायचे, घासायचे आणि शेवटी टोकाला केसासारखी चीर द्यायची. त्या चिरेतून शाई उतरते. दाब दिला की चीर उघडते, रेघ जाड होते. कचेरीत मात्र ताठ निबा लागत. दिवसभर भराभर नोंदी करायच्या, तिथे वळणाचे लाड कोण पुरवणार?

कारखान्यातली ही कामे बहुतेक बायका-मुली करत. एकेकीच्या हाताखालून दिवसाला हजारो निबा जात. १४४ निबांचा एक ग्रोस, अशा पेट्या जगभरच्या कचेऱ्यांत पोचत. गिलॉटने टर्नरची चित्रे जमवली. मेसनच्या पैशातून १८८० साली विज्ञान महाविद्यालय उघडले, त्यातूनच पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठ उभे राहिले. चीर देणाऱ्या मुलीचे नाव मात्र एकाही निबेवर नाही.

अब्बांचेही तसेच. कागद त्यांनी लिहायचा, सही साहेबांनी करायची. जन्मभर हेच चालले. याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. मला मात्र ती होती.

अब्बा गेल्यावर एक म्हातारे शेतकरी भेटायला आले. पिशवीतून त्यांनी घडीवर फाटलेला जमिनीचा कागद काढला. सही पुसट झाली होती. ते म्हणाले, "सही कुन्या सायबाची, म्हाईत न्हाई. पर अक्षर आमच्या भाऊसाहेबांचं हाय."

मी कवी आहे, कवितेखाली माझे नाव छापून येते. ते पाहताना हल्ली ती डबी आठवते.