दप्तर राहिलं, वाचणारा गेला

एजवेअरहून नॉर्दर्न लाइनने शहराकडे निघालं की बर्न्ट ओकनंतर कॉलिंडेल लागतं. आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, तिथे ब्रिटिश लायब्ररीचं वर्तमानपत्रांचं ग्रंथालय होतं. १९०५ साली वर्तमानपत्रांचं कोठार म्हणून ते सुरू झालं आणि १९३२ मध्ये वाचकांसाठी उघडलं. ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडून सुमारे ६,००० खंड कायमचे गेले. बाकीचा संग्रह नोव्हेंबर २०१३ पर्यंत तिथेच वाचायला मिळे. मग वाचनालय बंद झालं आणि सगळं दप्तर यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पाला गेलं. अशा स्थलांतरात ट्रक आणि खोकी हा सोपा भाग असतो. कुठला खंड कुठल्या फळीवर गेला याची यादी सांभाळणं हा खरा अवघड भाग. यादी हरवली तर खंड असून नसल्यासारखाच.

हे मला कळतं, कारण माझं पोटच त्यावर भरलं. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधली जुनी माहिती आणि जुनी कागदपत्रं बाजूला काढून नीट लावून ठेवणं, म्हणजे 'आर्काइव्ह' करणं, हे माझं काम. वाय-टू-केच्या लाटेत आपल्यापैकी बरेच जण या देशात आले, त्यातलाच मी एक. घरी मला 'कॉम्प्युटरमधला रद्दीवाला' म्हणतात. म्हणोत बापडे! पण रद्दी आणि दप्तर यांत फरक आहे, आणि त्या फरकावर माणसांचं बरंवाईट ठरतं. तेवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी काम काय ते थोडक्यात. कंपनीचे हिशेब, खरेदी, विक्री, पगार, गोदाम हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालतं. सॅपचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत काढलेली ही कंपनी. अशा यंत्रणेत रोज लाखो नोंदी पडतात. दहा-पंधरा वर्षांत डेटाबेस इतका फुगतो की साधा अहवाल काढायलाही वेळ लागतो. मग जे व्यवहार पूर्ण मिटलेत ते बाहेर काढायचे. ज्या बिलाचे पैसे यायचे बाकी आहेत त्याला हात लावायचा नाही. आधी नोंदी वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या, मग ती फाइल नीट वाचता येते का ते तपासायचं, आणि मगच चालू डेटाबेसमधून त्या पुसायच्या. हा क्रम चुकला की संपलं. स्कॅन केलेली बिलं, करार, पत्रं बहुधा वेगळ्या सर्व्हरवर असतात आणि नोंदीशी एका दुव्याने बांधलेली असतात. तो दुवा तुटला की चित्र राहतं, पण ते कुणाचं आणि कशाचं हे कळायला मार्ग राहत नाही.

सध्या या कामाला ऊत आला आहे. आपल्या जुन्या पिढीच्या यंत्रणेची मुख्य देखभाल २०२७ च्या अखेरीपर्यंतच करू, असं सॅपने २०२० मध्ये जाहीर केलं. त्यामुळे जगभरच्या कंपन्या नवीन घरात जायच्या तयारीत आहेत आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न आहे: जुन्या घरातलं सामान कुठे ठेवायचं?

धंद्याच्या हिशेबाचं काम कॉम्प्युटरवर रोजच्या रोज चालू झालं ते याच शहरात. टीशॉप आणि केकसाठी प्रसिद्ध असलेल्या लायन्स कंपनीने हॅमरस्मिथच्या आपल्या कचेरीत 'लिओ' नावाचं यंत्र बांधलं आणि नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीच्या मालाचा हिशेब त्यावर होऊ लागला. पण 'धंद्याचं दप्तर' ही कल्पना काही लायन्सने आणलेली नाही. आपल्याकडे ती आडनावांतच भरलेली आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, दफ्तरदार ही सगळी मंडळी म्हणजे त्या काळच्या सॉफ्टवेअरची मॉड्यूल्सच म्हणा ना! फडणिसाकडे हिशेब, पोतनिसाकडे खजिना, चिटणिसाकडे पत्रव्यवहार, पारसनिसाकडे फारसीतला कारभार.

या कारभाराचा मोठा ठेवा म्हणजे पुण्याचं पेशवे दप्तर. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने हे कागद गोळा करून राखायची व्यवस्था केली. ते काही इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कुठल्या गावाचा वसूल किती, कुणाला इनाम काय, कुणाला वर्षासन किती, हे कळल्याशिवाय नव्या सरकारला राज्य चालवता येईना. म्हणजे नवी यंत्रणा चालू करण्यासाठी जुन्या यंत्रणेतला डेटा हवा होता. आमच्या धंद्यात आजही अगदी हेच होतं.

पुण्यात आजही हे कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. हजारो रुमाल आणि त्यांत मोडीतले असंख्य कागद. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले. हे काम प्रचंडच, पण दप्तराच्या मानाने तो मूठभरच भाग. बाकीचे कागद मोडी जाणणाऱ्याची वाट पाहत आहेत.

गंमत अशी की कागद उत्तम टिकला, पण वाचणारे गेले. छपाईसाठी बाळबोध सोयीची पडली, मोडी मागे पडत गेली आणि १९५० च्या दशकात शाळांतूनही गेली. ज्या लिपीत आपल्या पणजोबांनी सहज पत्रं लिहिली, ती दोन पिढ्यांत तज्ज्ञांची लिपी झाली. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे ती आता कॉम्प्युटरवर टाइप करता येते. पण टाइप करता येणं वेगळं आणि पळत्या हाताने लिहिलेला दोनशे वर्षांपूर्वीचा हिशेब वाचता येणं वेगळं.

आणि लिपी आली तरी भागत नाही. पेशवेकालीन कागदावर साल बहुधा सुहूर सनात असतं, तेही आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, की इसवी सन येतो. म्हणून जानेवारी १७६१, म्हणजे पानिपतचा महिना, हा सुहूर ११६१ मध्येच पडतो. ही किल्ली ज्याच्याकडे नाही त्याला कागद स्वच्छ दिसूनही तारीख कळणार नाही.

असाच अनुभव मला इथे आला. एका कारखानदार कंपनीकडे (नाव नको) १९८० च्या दशकातल्या पगाराच्या टेप्स जपून ठेवलेल्या होत्या. एका निवृत्त कामगाराच्या पेन्शनचा प्रश्न निघाला. टेप वाचणारं यंत्र आम्ही खटपट करून मिळवलं, आकडेही बाहेर आले. पण पाळीच्या रकान्यात '७' म्हणजे काय? रात्रपाळी की सुट्टी की आजारपण? तो तक्ता कुणी ठेवलाच नव्हता. शेवटी पगारखात्यातल्या एका निवृत्त बाईंच्या वहीत तो मिळाला. दोन वर्षांचा डेटा तर मुळातच नव्हता. तेवढ्यापुरत्या त्या माणसाने बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या पगाराच्या चिठ्ठ्याच उपयोगी पडल्या.

याच्या उलट बाजूचं उदाहरण १९८६ चं आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकाला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने नव्या ब्रिटनची नोंदवही केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यात शाळकरी मुलं बरीच, माहिती गोळा केली आणि ती लेझर डिस्कवर साठवली. १५-१६ वर्षांतच ती वाचू शकणारी यंत्रं दुर्मिळ झाली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या लोकांनी २००२ च्या सुमारास जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर बनवून ती माहिती वाचती केली. मूळ १०८६ चं चामड्यावरचं पुस्तक मात्र क्यूच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे आणि जाणकार ते अजून वाचतात.

इथवर कुणी म्हणेल, ठीक आहे, अभ्यासकांची अडचण झाली, आम्हाला काय? तर दप्तराचा संबंध पोटाशी कसा येतो ते पाहा.

पेशवाईनंतर इंग्रजांनी इनामांची चौकशी सुरू केली. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला पक्कं बळ मिळालं. पिढ्यान् पिढ्या जमीन खाणाऱ्याला विचारलं जाई, सनद कुठे आहे? त्याच्या घरचा कागद वाळवीने खाल्लेला असे किंवा आगीत गेलेला असे. दप्तर तर सरकारच्या ताब्यात. नोंद जुळली तर इनाम राहिलं, नाही तर गेलं.

आता २०१८ सालचं लंडन. १९४८ पासून राष्ट्रकुल देशांतून, कॅरिबियनमधून आणि आपल्या भारतातूनही, लोक इथे कायदेशीरपणे आले आणि राहिले. १९७३ च्या आधी येऊन स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क १९७१ च्या कायद्याने मान्य केला होता, पण अनेकांच्या हातात त्याचा कागद नव्हता. पुढे नियम कडक झाले तेव्हा त्यांना इथे राहिलेल्या वर्षांचे पुरावे मागितले गेले. कुणाची नोकरी गेली, कुणाचे औषधोपचार अडले, काही जणांना तर देशाबाहेर काढलं. ज्या जुन्या आगमन-चिठ्ठ्यांवरून कोण कधी उतरलं हे कळलं असतं, त्या गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केल्या होत्या. कारण काय दिलं? वैयक्तिक माहिती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, हा डेटा संरक्षणाचा नियम. नियम चांगलाच आहे. पण 'गरज' कुणाची, हा प्रश्न चिठ्ठीवर नाव असलेल्या माणसाला कुणी विचारला नाही.

पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रकरणात दप्तर होतं, पण ते यंत्राच्या मालकांच्या हाती. १९९९ पासून पुढे शेकडो सबपोस्टमास्तरांवर पैशांच्या अफरातफरीचे खटले झाले. त्यांत भारतीय वंशाची दुकानदार मंडळीही होती. यंत्रणेतल्या माहीत असलेल्या चुकांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या, पण आरोपीच्या वकिलांपर्यंत त्या वेळेवर पोचल्या नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने यंत्रणा सदोष होती असा निकाल दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि २०२४ मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला. जपलेल्या नोंदींमुळेच अखेर सत्य बाहेर आलं, हेही तितकंच खरं.

म्हणून कुठल्याही कंपनीत जुनी यंत्रणा बंद करायची वेळ आली की मी नुसतं 'किती वर्षं ठेवायचं' एवढ्यावर थांबत नाही. त्याची उत्तरं कायद्यात आहेत. इथे कंपनीच्या हिशेबासाठी साधारण ६ वर्षं, पगाराच्या करविषयक कागदांसाठी ३, भारतात कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्यांना ८. पण पेन्शनचा प्रश्न चाळीस वर्षांनी उभा राहतो! म्हणून आणखी विचारायचं ते असं: या नोंदीवर कुणाचा हक्क अवलंबून आहे? तो माणूस मागायला येईल तेव्हा ती शोधणार कोण? आणि रकान्यातल्या '७' चा अर्थ कुठे लिहून ठेवला आहे?

आपल्या घरालाही हेच लागू आहे. या देशातली पूर्ण नवी सरकारी पेन्शन मिळायला साधारण ३५ वर्षांची नॅशनल इन्शुरन्सची नोंद लागते, आणि निदान १० वर्षं असल्याशिवाय काहीच मिळत नाही. आपली नोंद सरकारकडे बघता येते. ती एकदा बघा, आणि मध्ये भारतात किंवा दुसऱ्या देशात गेलेली वर्षं कशी दिसतात तेही तपासा. बंद पडलेल्या किंवा विकल्या गेलेल्या कंपनीचं पेन्शन शोधायला सरकारची मोफत सेवा आहे. पी-६० आणि शेवटच्या पगाराच्या चिठ्ठ्या, जुने पासपोर्ट, पहिल्या व्हिसाचं पान यांना रद्दी समजू नका. गावाकडच्या ट्रंकेत आजोबांचे मोडी कागद असतील तर त्यांचे फोटो काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. कागद कुठल्या गावचा, कुठल्या घरातला, कुणाकडून आला, हे घरातलं कुणी सांगू शकतंय तोवर बाळबोधीत लिहून त्याला जोडा. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर इंग्रजीतही लिहा.

दिवाळीची साफसफाई आपण सगळेच करतो. यंदा माळ्यावरचं खोकं खाली आलं की ते फेकण्याआधी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि एकेक कागद त्यांना दाखवत चला. ते जे सांगतील ते कागदामागे पेन्सिलीने लिहून ठेवा.