झुंबरशिल्प

छताला अथवा उंच आधाराला टांगलेली, फुंकून घडविलेल्या काचेच्या शेकडो घटकांची भव्य शिल्परचना. परंपरागत झुंबर हे मूलतः दिवे धारण करणारे साधन होय. झुंबरशिल्पात प्रकाश देण्याचे कार्य गौण असते, पुष्कळदा नसतेच. काचेचा रंग, आकार आणि पारदर्शकता यांनाच त्यात प्राधान्य असते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा प्रकार रूढ झाला. त्याचे श्रेय मुख्यत्वे डेल चिहूली (२० सप्टेंबर १९४१ – ) या अमेरिकन काचकलावंतास दिले जाते.

पार्श्वभूमी : व्हेनिस प्रजासत्ताकाने आगीच्या भयाने १२९१ मध्ये शहरातील काचभट्ट्या म्यूरानो बेटावर हलविल्या. तेथील जूझेप्पे ब्रीआती याने अठराव्या शतकात रंगीत काचेच्या फुलापानांनी मढविलेली झुंबरे प्रसिद्धीस आणली. इंग्लंडमध्ये मात्र पैलूदार लोलकांच्या झुंबरांना मागणी होती. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचे असे सामान एकोणिसाव्या शतकात भारतीय संस्थानिकांच्या महालांत येऊ लागले. ग्वाल्हेर येथे जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये बांधून घेतलेल्या जयविलास महालाच्या दरबार दालनात दोन प्रचंड झुंबरे असून ती टांगण्यापूर्वी छताची मजबुती अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढविल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, झुंबराच्या आकारावरून धन्याचे वैभव मोजण्याची वृत्ती तीत नेमकी दिसते. वाड्यांतील व देवळांतील हंड्या-झुंबरांची हौस हे त्याच वृत्तीचे साधे रूप होय.

काच हे कलावंताचे स्वतंत्र माध्यम होण्यास भट्टी कारखान्याबाहेर येणे आवश्यक होते. १९६२ मध्ये अमेरिकेतील टोलीडो कलासंग्रहालयाच्या आवारात हार्व्ही लिटल्टन याने भरविलेल्या कार्यशाळांत डॉमिनिक लॅबिनो या काचतज्ञाच्या साहाय्याने छोटी भट्टी यशस्वी झाली. एकट्या कलावंताला स्वतःच्या कार्यशाळेत काच फुंकता येऊ लागली आणि तीतून ‘स्टुडिओ काच’ चळवळ उभी राहिली. चिहूली हा लिटल्टनचाच विद्यार्थी. १९६८ मध्ये तो म्यूरानोच्या व्हेनीनी कारखान्यात गेला व तेथे त्याने उस्ताद आणि त्याचे मदतनीस मिळून काम करण्याची जुनी पद्धत पाहिली. एकट्याच्या कलेसाठी निघालेली चळवळ त्याच्या हातून पुन्हा समूहाच्या कामाकडे वळली, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९७६ मध्ये इंग्लंडमधील मोटार-अपघातात त्याचा डावा डोळा गेला; १९७९ मध्ये खांदा निखळल्यानंतर त्याने फुंकनळी इतरांच्या हाती सोपविली. तेव्हापासून तो चित्रे व रेखाटने काढून सहकाऱ्यांकरवी काच घडवून घेऊ लागला.

त्याचे पहिले झुंबर १९९२ मध्ये सीॲटल कलासंग्रहालयातील प्रदर्शनात मांडले गेले. ‘चिहूली ओव्हर व्हेनिस’ या उपक्रमात (१९९५-९६) फिनलंड, आयर्लंड, मेक्सिको व इटली येथील काचकारांबरोबर घटक घडवून १९९६ मध्ये व्हेनिसचे कालवे व चौक यांच्या परिसरात १४ झुंबरे उभारण्यात आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयमच्या घुमटाखालील निळे-हिरवे झुंबर (१९९९, वाढविले २००१) सु. ८ मी. उंच आहे.

तंत्र : सु. १,१००° से. तापमानाचा काचरस फुंकनळीच्या टोकावर घेऊन त्यात हवा फुंकतात व तो मऊ असतानाच फिरवून, लोंबवून, पिळून त्याला शिंग, वेल, कंद अशांसारखे आकार देतात. नंतर घटक अनुशीतन-भट्टीत अतिशय हळू थंड करावा लागतो. तसे न केल्यास आतील ताणामुळे तो तडकतो. प्रत्येक घटक पोलादी सांगाड्याला तारेने बांधतात. घटक सुटे असल्याने शिल्प उतरवून अन्यत्र पुन्हा जुळविता येते; मात्र प्रत्येक जुळणीत थोडाफार फरक पडतोच. आत दिवा नसलेले झुंबर बाहेरून सोडलेल्या प्रकाशात किंवा दिवसाच्या उजेडात पाहावयाचे असते.

मूल्यमापन : या कामांना अमाप लोकप्रियता लाभली, तशी टीकाही झाली. हे शिल्प की अवाढव्य सजावट, आणि हाताने न घडविणाऱ्याची सही त्यावर कितपत योग्य, असे दोन आक्षेप घेण्यात येतात. दुसरा फारसा टिकत नाही. ओतकाम करणाऱ्या मूर्तिकारालाही तो लागू पडेल. पहिला अधिक गंभीर आहे, कारण चिहूलीच्या झुंबरांत डोळ्यांना सुखविण्यापलीकडचा आशय शोधणे कठीण जाते.

इतरांनी मात्र झुंबराच्या वैभवी रूपाचाच आशयासाठी उपयोग केला. अमेरिकन कलावंत फ्रेड विल्सन याने २००३ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात म्यूरानोच्या काळ्या काचेचे झुंबर टांगून त्या नगरातील आफ्रिकी लोकांच्या विस्मृत इतिहासाकडे लक्ष वेधले. चिनी कलावंत आय वेवे याच्या ‘डिसेंडिंग लाइट’ (२००७) या कृतीत तांबडे झुंबर छतावरून कोसळून जमिनीवर लवंडल्यासारखे मांडले आहे. त्याच्याच ‘ला कोमेद्या उमाना’ (२०२२) या काळ्या काचेच्या झुंबरात, फुले व लोलक यांच्या जागी हाडे, कवट्या, शरीराचे अवयव, वटवाघळे आणि पाळत ठेवणारे कॅमेरे असे २,००० हून अधिक घटक असून ते व्हेनिसच्या सॅन जॉर्जो मॅज्जोरे चर्चमध्ये टांगण्यात आले होते.