संशोधनातील सचोटी आणि विद्यापीठीय प्रकाशनव्यवहार : पंजाब विद्यापीठातील जीवाश्म प्रकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

पंजाब विद्यापीठातील एका प्राध्यापकांच्या हिमालयीन जीवाश्मविषयक संशोधनावर १९८७ ते १९९० या काळात गंभीर आक्षेप घेतले गेले. भारतीय विद्यापीठांच्या इतिहासात हे प्रकरण संशोधनातील गैरव्यवहाराचे ठळक उदाहरण मानले जाते. हा गैरव्यवहार दीर्घकाळ कसा टिकला, तो कसा उघडकीस आला, विद्यापीठाने त्याची दखल कशी घेतली आणि पुढील काळातील नियमांनी त्यापासून कोणता बोध घेतला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : संशोधनातील सचोटी, जीवाश्म, सहलेखन, समीक्षण, वाङ्मयचौर्य, विद्यापीठ अनुदान आयोग.

प्रस्तावना

संशोधन हा विश्वासावर आधारलेला व्यवहार आहे. एका संशोधकाने नोंदविलेले निरीक्षण दुसरा संशोधक गृहीत धरतो आणि त्यावर पुढील मांडणी उभी करतो. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासावयाची ठरविल्यास ज्ञानाची वाटचालच थांबेल. मात्र हा विश्वास एकदा चुकीच्या जागी ठेवला गेला, की त्याचे परिणाम एका लेखापुरते मर्यादित राहत नाहीत. पंजाब विद्यापीठातील प्रकरणाचे महत्त्व याच कारणास्तव आहे. ही केवळ एका व्यक्तीच्या वर्तनाची कथा नसून, निबंधांच्या संख्येला गुणवत्तेचे स्थान देणाऱ्या व्यवस्थेचाही तो इतिहास आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी

चंदीगड येथील पंजाब विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग हिमालयाच्या अभ्यासासाठी ख्यातनाम होता. या विभागातील प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी १९६० च्या दशकापासून सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातील जीवाश्मांवर लेखन केले. त्यांच्या शोधनिबंधांची संख्या ३०० हून अधिक होती. काश्मीर, लाहौल-स्पिती, कुमाऊँ, नेपाळ अशा विस्तृत प्रदेशातील जीवाश्मांच्या नोंदी त्यांत होत्या. देशविदेशांतील अनेक नामवंत तज्ज्ञ त्यांचे सहलेखक होते. त्यामुळे हिमालयाच्या पुराजीवविज्ञानात या लेखनाला आधारभूत स्थान प्राप्त झाले होते.

जीवाश्मांचे महत्त्व ध्यानात घेतल्याशिवाय प्रकरणाचे गांभीर्य लक्षात येणार नाही. खडकांच्या थरांचे सापेक्ष वय ठरविण्यासाठी जीवाश्म हा प्रमुख पुरावा असतो. विशिष्ट काळातच आढळणाऱ्या जीवांचे अवशेष एखाद्या थरात सापडले, तर त्या थराचा काळ निश्चित करता येतो. कोनोडॉन्ट नावाचे दातांसारखे सूक्ष्म अवशेष यासाठी विशेष उपयुक्त ठरतात. परंतु या सर्व अनुमानांचा पाया एकच असतो, तो म्हणजे नमुन्याचे प्राप्तिस्थान. प्राप्तिस्थान खोटे असेल, तर नमुना कितीही सुस्थितीत असला आणि त्याची ओळख कितीही अचूक असली, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष निरर्थक ठरतो.

प्रकरणाचा उलगडा

ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे भूवैज्ञानिक जॉन टॅलेंट यांनी गुप्ता यांच्या लेखनाचा चिकित्सक अभ्यास केला. १९८७ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे डेव्होनियन कालखंडावरील आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. तेथे टॅलेंट यांनी गुप्ता यांच्या उपस्थितीतच आपले आक्षेप मांडले. हिमालयातील म्हणून वर्णिलेले काही ॲमोनॉइड जीवाश्म हे मोरोक्कोतील एरफूद परिसरात विपुल मिळणाऱ्या जीवाश्मांशी मिळतेजुळते असल्याचे त्यांनी दाखविले. एरफूदचे हे जीवाश्म युरोपातील दुकानांतही विक्रीस असत. त्याचप्रमाणे हिमालयातील म्हणून नोंदविलेल्या काही कोनोडॉन्ट नमुन्यांचे न्यूयॉर्क राज्यातील ॲम्सडेल क्रीक येथील नमुन्यांशी विलक्षण साम्य होते.

त्यानंतर एप्रिल १९८९ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात टॅलेंट यांचा लेख प्रसिद्ध झाला. ‘भटक्या जीवाश्मांचे प्रकरण’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. एकाच नमुन्याचे छायाचित्र वेगवेगळ्या निबंधांत निरनिराळ्या ठिकाणचे म्हणून येणे, प्राप्तिस्थानांची वर्णने त्या जागी जाऊन पडताळता येणार नाहीत इतकी संदिग्ध असणे, प्रदेशाच्या ज्ञात भूरचनेशी नोंदी विसंगत असणे, असे आक्षेप पुढे आले. गुप्ता यांनी आरोप नाकारले आणि त्यांचे उत्तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केले. मात्र त्यांच्याच विद्यापीठातील भूवैज्ञानिक अरुण दीप अहलुवालिया यांनीही त्याच नियतकालिकात या संशोधनाविषयी प्रतिकूल मत मांडले. फ्रान्सचे फिलिप जानव्हिए यांच्यासारख्या पूर्वीच्या सहलेखकानेही विश्वासाला तडा गेल्याची भावना व्यक्त केली. १९९० मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकात टॅलेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक विस्तृत पुरावा मांडला. हिमालयाच्या पुराजीवविज्ञानाचा माहितीसंग्रहच दूषित झाला असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता.

गैरव्यवहार टिकण्याची कारणे

हे सर्व पाव शतक कसे चालू शकले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण भौगोलिक आहे. उच्च हिमालयातील अनेक प्रदेश दुर्गम होते आणि सीमावर्ती भागांत प्रवेशावर निर्बंध होते. परदेशी संशोधकाला तेथे जाऊन नोंद पडताळणे सहज शक्य नव्हते.

दुसरे कारण सहलेखनाच्या पद्धतीत आहे. क्षेत्रकार्य एकाने करावयाचे आणि नमुन्यांची ओळख दुसऱ्या तज्ज्ञाने करावयाची, ही श्रमविभागणी विज्ञानात रूढ व आवश्यकही आहे. सहलेखकांना नमुने आणि त्यांच्या प्राप्तिस्थानाची माहिती एकाच व्यक्तीकडून मिळत होती. त्यांनी आपल्या वाट्याचे काम प्रामाणिकपणे केले. तथापि निबंधाच्या ज्या भागावर सारा डोलारा उभा होता, त्याची जबाबदारी त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती. शिवाय त्यांच्या नावांमुळे निबंधाला प्रतिष्ठा लाभे आणि वाचकाच्या मनात शंका येण्यास वाव उरत नसे.

तिसरे कारण समीक्षणाच्या मर्यादेत आहे. समीक्षक हस्तलिखितातील तर्क, पद्धती व संदर्भ पाहतो. नमुना सांगितलेल्या ठिकाणीच सापडला की नाही, हे त्याच्या टेबलावरून दिसत नाही. निबंध अनेक देशांतील निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले असल्याने ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंगही क्वचितच येई. टॅलेंट यांनी नेमके तेच केले. एकेका निबंधात न दिसणारी विसंगती सर्व लेखन एकत्र वाचल्यावर स्पष्ट झाली.

चौथे कारण संस्थात्मक आहे. निबंधांची मोठी संख्या ही संबंधित व्यक्तीला आणि तिच्या विभागालाही भूषणावह वाटते. इतके विपुल लेखन इतक्या विस्तृत प्रदेशावर कसे शक्य होते, हा साधा प्रश्न अशा वातावरणात विचारला जात नाही.

विद्यापीठाची कार्यवाही

वैज्ञानिक जगतात आक्षेप जाहीरपणे मांडले गेल्यानंतर विद्यापीठाची चौकशी मात्र संथ गतीने पुढे सरकली. संबंधित प्राध्यापकांना काही काळ निलंबित करण्यात आले. निवृत्त न्यायमूर्तींकडे चौकशी सोपविण्यात आली आणि तिचा निष्कर्ष त्यांच्या विरोधात गेला. तरीही त्यांची सेवा समाप्त झाली नाही. २००२ मध्ये ते नियत वयोमानानुसार निवृत्त झाले.

येथे दोन निराळ्या कसोट्यांमधील अंतर दिसते. सेवानियमांची चौकशी व्यक्तीला किती शिक्षा द्यावी हे ठरविते. ज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा असतो. कोणता निबंध विश्वसनीय राहिला आणि कोणता नाही, हे पुढील अभ्यासकाला कळले पाहिजे. शिक्षेचा प्रश्न निकाली निघाला, तरी दूषित नोंदी संदर्भग्रंथांतून आपोआप नाहीशा होत नाहीत. त्यांची छाननी एकेक करून इतरांनाच करावी लागते आणि त्यात प्रामाणिक संशोधकांची वर्षे खर्ची पडतात.

पुढील काळातील नियमन

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे शिक्षकांच्या निवडीसाठी व पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक लागू केला. शोधनिबंधांना गुण मिळू लागले आणि संख्येचे महत्त्व वाढले. त्याचबरोबर शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर झाली. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, आयोगाला त्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली.

या संदर्भात पुण्यात झालेले कार्य उल्लेखनीय आहे. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या यादीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ नियतकालिकांची तपासणी केली असता केवळ ११२ निकषांना उतरली. सुमारे ८८ टक्के नियतकालिके निकृष्ट दर्जाची आढळली. ही शिफारस विद्यापीठांनीच केलेली होती, ही बाब विशेष चिंतनीय आहे. त्यानंतर आयोगाने ‘केअर’ यादीची व्यवस्था आणली आणि नियतकालिकांच्या विश्लेषणाचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे सोपविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही यादीही बंद करण्यात आली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा उच्च शिक्षण संस्थांकडे आली.

दरम्यान २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम लागू झाले. त्यांत साम्याच्या प्रमाणानुसार १०, ४० व ६० टक्के अशा मर्यादा ठरवून शिक्षेचे स्तर निश्चित केले गेले. शब्दांच्या उसनवारीला आळा घालण्याच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्हच होते.

परंतु पंजाब विद्यापीठातील प्रकरण या नियमांच्या कसोटीवर ठेवले, तर काय दिसते? निर्देशांकाने अशा लेखकाला भरघोस गुण दिले असते. यादीनेही बहुधा अडविले नसते, कारण त्यांतील कितीतरी निबंध प्रतिष्ठित नियतकालिकांत आले होते. साम्य मोजणाऱ्या संगणकप्रणालीला तर दूरदेशीचा जीवाश्म स्पितीचा म्हणून सादर झाल्याचे कळण्याचा मार्गच नाही. निबंध कोठे छापला आणि त्यातील शब्द कोणाचे, एवढेच ही तिन्ही साधने पाहतात. पुरावा कोठून आला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

निष्कर्ष

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पुराव्याचे मूळ तपासता येईल अशी व्यवस्था हा संशोधनातील सचोटीचा पाया आहे. भूविज्ञानात नमुना संग्रहालयात नोंदक्रमांकासह जमा असणे आणि प्राप्तिस्थान नेमके नोंदविलेले असणे, समाजशास्त्रात भरलेल्या प्रश्नावल्या जतन करणे, इतिहासात दप्तराचा व रुमालाचा क्रमांक देणे, ही एकाच तत्त्वाची रूपे आहेत. सहलेखकाने आपल्या वाट्याच्या कामाबरोबरच ज्या आधारावर ते काम उभे आहे त्याचीही विचारपूस करणे आवश्यक आहे. चौकशीच्या अंती शिक्षेइतकेच दोषयुक्त लेखनाच्या जाहीर दुरुस्तीला महत्त्व दिले गेले पाहिजे. निवड व पदोन्नतीच्या समित्यांनी निबंध मोजण्याऐवजी मोजके निबंध प्रत्यक्ष वाचणे हा उपाय साधा असला, तरी त्याला पर्याय नाही.

केंद्रीय यादी बंद झाल्याने ही जबाबदारी आता महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यावर आली आहे. १९८७ मध्ये कॅल्गरीला जे उघड झाले, ते कोणत्याही नियमामुळे किंवा यादीमुळे झाले नव्हते. एका अभ्यासकाने दुसऱ्याचे लेखन लक्षपूर्वक वाचले होते आणि मनात आलेली शंका सर्वांसमक्ष मांडली होती. असे वाचन आणि अशी निर्भीड विचारणा ज्या संस्थेत सन्मानाने होऊ शकते, तेथेच संशोधनातील सचोटी टिकून राहील.